अँटेना चार, पण अपडेट किती वर्षं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत एका नव्या कंपनीच्या वायफाय राउटरची पानभर जाहिरात होती. काळा डबा, कोळ्याच्या पायांसारखे पसरलेले अँटेना आणि खाली ठळक आकडा, ३०००. बेळगावच्या शहापुरात माझं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. सोमवारी शटर वर करून अकरा वाजायच्या आत तिघे येऊन विचारून गेले, ‘हे घ्यावं काय?’ तिघांना एकच उत्तर दिलं, ‘कंपनी अपडेट किती वर्षं देणार, ते आधी विचारा’, आणि तिघांचंही समाधान झालं नाही. म्हणून हे पत्र. लांबलं तर आवश्यक तिथं कात्री लावा, हरकत नाही.

या धंद्यात बाहेरून येणारे काही आजचे नाहीत. अ‍ॅपलनं १९९९ मध्ये एअरपोर्ट आणला आणि २०१८ मध्ये तो धंदाच बंद करून टाकला. लिंक्सिसचा निळा-काळा राउटर आमच्या लाइनीतल्या प्रत्येकाला तोंडपाठ होता. ती कंपनी २००३ मध्ये सिस्कोनं घेतली, २०१३ मध्ये बेल्किनला विकली, आणि २०१८ मध्ये खुद्द बेल्किनच फॉक्सकॉनकडे गेली. हार्ड डिस्कवाली वेस्टर्न डिजिटल २०१२ मध्ये ‘माय नेट’ नावानं राउटर घेऊन उतरली. त्यातल्या एका मॉडेलच्या पोटात हार्ड डिस्कच बसवलेली होती, म्हणजे घरातले फोटो आणि सिनेमे तिच्यात ठेवायचे आणि कुठल्याही खोलीतून बघायचे. कल्पना मला आजही आवडते. पण थोड्याच वर्षांत त्यांनी गाशा गुंडाळला. गूगलनं २०१५ मध्ये टीपी-लिंककडून ऑनहब बनवून घेतला आणि सात-आठ वर्षांत त्याचे अपडेट थांबवले. त्यानंतर मोबाइलमधल्या अ‍ॅपवरून त्याची सेटिंगही बदलता येईना. डबा चालू, पण मालकाला त्याचा पासवर्डसुद्धा बदलता येत नाही अशी गत.

एवढे जण पडून-धडपडून गेले तरी नवे का येतात? कारण आत शिरणं सोपं आहे. राउटरच्या आतली मुख्य चिप ब्रॉडकॉम, क्वालकॉम, मीडियाटेक, रिअलटेक अशा मोजक्याच ठिकाणांहून येते. चिपवाले नुसती चिप देत नाहीत. बोर्डाचा तयार नकाशा आणि त्यावर चालणारं पायाभूत सॉफ्टवेअरही देतात. मग प्लास्टिकचा साचा, मोबाइलचं अ‍ॅप आणि वरचा शिक्का एवढंच उरतं. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. एकाच फौंड्रीतलं कास्टिंग तीन वेगळ्या नावांनी बाजारात गेलेलं त्यांनी पाहिलेलं असतं.

त्या ३००० चं गणितही सांगून टाकतो. असा राउटर रेडिओ लहरींच्या दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्या पट्टीवर सेकंदाला ५७४ मेगाबिट, दुसऱ्या पट्टीवर २४०२, बेरीज २९७६, ती गोल करून ३०००. स्वस्तातल्या १२०० च्या राउटरचंही तेच, ३०० अधिक ८६७. तुमचा फोन साधारणपणे एका वेळी एकाच पट्टीवर असतो, म्हणजे ही बेरीज त्याच्या वाट्याला कधीच येत नाही. वर छापलेला वेग कागदावरचा, मधे भिंत आली की तो झपाट्यानं उतरतो. सगळ्यात गंमत म्हणजे १२०० लिहिलेल्या कितीतरी डब्यांना मागं केबल लावायची जी खाच असते ती फक्त शंभरची असते. आपलं राकसकोप धरण सांडव्यावरून वाहायला लागलं तरी तुमच्या नळाची पाइप अर्ध्या इंचीच, तसला प्रकार. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा प्लॅन पन्नास किंवा शंभरचा असतो. त्यांना ३००० कशाला हवेत हे विचारलं तर म्हणतात, ‘पुढं लागेल की!’

आता माझ्या आत्याच्या घरची गोष्ट. तिचं घर जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या वाटेवर. तिथला पाऊस किती, ते आपल्या वाचकांना सांगायला नको. घर आजोबांच्या वेळचं, भिंती चिऱ्याच्या, दीड फुटांहून जाड. नातू बेंगळुरूच्या कंपनीत कामाला आहे आणि पावसाळ्यात गावी येऊन तिथूनच काम करतो. त्यानं ऑनलाइन एका नव्या कंपनीचा राउटर मागवला, साडेतीन हजारांचा. दोन दिवसांत मला फोन. ‘काका, चार अँटेना आहेत, तरी माझ्या खोलीत काही येईना.’

रविवारी गेलो. डबा सोप्यात, टीव्हीच्या मागं, खिडकीला लागून ठेवलेला, कारण केबलवाल्यानं फायबर त्या खिडकीतून आत घेतलेली. मी फोन हातात धरून आत चालत गेलो. सोप्यात सिग्नल पूर्ण, माजघरात निम्मा, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आला-गेला आणि परड्याकडच्या खोलीत भोपळा. मधे तीन भिंती. वेगवान म्हणून जिची जाहिरात होते ती ५ गिगाहर्ट्झची पट्टी अशा भिंतीपुढं लगेच हात टेकते. त्यात पावसाळ्यात चिरा पाणी पितो आणि ओली भिंत या लहरी आणखी खाते. २.४ ची पट्टी त्या मानानं आत शिरते, पण तिलाही तिसऱ्या भिंतीपलीकडं दम उरत नाही. दुकानदार अशा वेळी एकमेकांना सिग्नल पोचवणाऱ्या तीन डब्यांचा मेश सेट गळ्यात मारतात. ते तीन डबेसुद्धा एकमेकांशी त्याच भिंतींतून बोलणार, हे सांगत नाहीत.

आम्ही काय केलं? माळ्यावर चढलो, वासे धरून तीस मीटर कॅट-सिक्स ही नेटवर्कची केबल सोप्यातून मागच्या खोलीत नेली. तिच्या टोकाला माझ्या दुकानात धूळ खात पडलेला जुना राउटर लावला. खर्च हजाराच्या आत. आत्यानं घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ केली होती, ती वेगळी. त्या खोलीत आता मुलगा दिवसभर मीटिंगा करतो.

शहरात दुखणं उलट आहे. वडगाव, अनगोळकडच्या गल्ल्यांत घराला घर लागून. तिथं २.४ च्या पट्टीवर एकमेकांच्या पायात न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. फोनवर यादी उघडली की शेजाऱ्यांची वीस-पंचवीस नावं दिसतात, आणि सगळे त्याच तीन चॅनेलांवर ओरडतायत. तिथं ५ गिगाहर्ट्झ कामाला येतं, कारण खोल्या लहान आणि भिंती विटेच्या. तेव्हा कुठला राउटर चांगला हे घर बघितल्याशिवाय सांगता येत नाही. निम्म्या लोकांना मी नवा घ्यायलाच देत नाही. आहे तो टीव्हीमागून काढून घराच्या मध्यावर, उंच जागी ठेवायला लावतो. दुकानदाराला हे परवडत नाही, पण चालायचंच.

आत्याच्या घरचा तो चार अँटेनांचा डबा सात महिन्यांत बंद पडला आणि माझ्या टेबलावर आला. बिघाड फालतू निघाला. लाइटच्या खाली-वर होण्यानं अ‍ॅडॅप्टरमधला कपॅसिटर फुगला होता. बारा व्होल्टचा दुसरा अ‍ॅडॅप्टर लावला, दिवे लागले. पण डबा उघडलाच होता म्हणून नीट बघितलं. चारांपैकी दोन अँटेनांच्या आत तारच नव्हती. नुसती प्लास्टिकची नळी, शोभेला. मुलानं फोटो काढून कंपनीला पाठवला. ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’, असं इंग्रजीत उत्तर आलं.

वॉरंटीची कथा तर खास आपल्या सीमाभागाची. निपाणीचे एक गिऱ्हाईक, तंबाखूचे व्यापारी. त्यांचा राउटर वर्षाच्या आत गेला. निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटर, तिथं त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे. घेऊन गेले. काउंटरवरच्या मुलानं बिल पाहिलं आणि म्हणाला, ‘तुमचं बिल कर्नाटकातलं, तुम्ही हुबळीला जावा.’ हुबळी दीडशे किलोमीटरच्या पलीकडं! फोन करावा तर कन्नड, हिंदी, इंग्रजी, यातलं एक दाबा. मराठीचं बटण कोल्हापूरकरांना मिळतं, निपाणीकरांना नाही. त्यांना कन्नड उत्तम येतं, त्यामुळं तक्रार झाली. डबा मात्र अजून आलेला नाही. नव्या कंपन्यांचे नकाशे जिल्ह्यांचे असतात, रस्त्यांचे नसतात.

पण एवढ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं. माझी खरी तक्रार पुढंच आहे.

राउटर हा एक लहान संगणक आहे आणि तो रात्रंदिवस इंटरनेटला जोडलेला असतो. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भोकं सापडतात, ती बुजवायला कंपनीनं अपडेट पाठवावा लागतो. मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचा घातक प्रोग्रॅम उघडकीला आला. ५४ देशांतली किमान पाच लाख उपकरणं त्यानं पोखरली होती, त्यात लिंक्सिस, नेटगिअर, टीपी-लिंक अशा नामांकित कंपन्यांचे घरगुती राउटर होते. त्या वेळी अमेरिकेच्या एफबीआयनं लोकांना सांगितलं, राउटर बंद करून पुन्हा चालू करा. आमचा केबलवाला गेली दहा वर्षं फोनवर हेच सांगतोय, त्याला एफबीआयनं घ्यायला हरकत नव्हती! आपल्याकडे तर गल्लीच्या गल्लीला एकच पासवर्ड असतो, कारण जोडायला येणारा पोरगा सगळीकडं तोच टाकून जातो. डब्याच्या आतलं अ‍ॅडमिनचं नाव अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन. वायफायचा पासवर्ड एखादा बदलतो तरी, हा कोणी बदलत नाही.

डबा एकदाच विकला जातो. अपडेटचं काम मात्र वर्षानुवर्षं करावं लागतं आणि त्यातून कंपनीला एक रुपया सुटत नाही. मुरलेल्या कंपन्यांनाच ते जड जातं, मग दोन वर्षांत धंदा जमला नाही तर निघून जायच्या तयारीनं आलेल्यांचं काय? ते गेले की डबा चालूच राहतो, हीच पंचाईत. बंद पडला असता तर लोकांनी बदलला असता. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या राउटरांत शेवटचा अपडेट पाच-सहा वर्षांपूर्वीचा असलेले कितीतरी असतात, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. त्यातल्या काहींवर मी ओपनडब्ल्यूआरटी टाकून देतो. लिंक्सिसला २००३ मध्ये त्या निळ्या-काळ्या राउटरचा सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, खुला करावा लागला, त्यातूनच हे मोफत सॉफ्टवेअर पुढं आलं. पण ते सगळ्या डब्यांवर बसत नाही, आणि हे काम गिऱ्हाइकानं घरी करायचं नव्हे.

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कायदा लागू आहे. सगळ्या डब्यांना सारखाच सोपा पासवर्ड घालून विकता येत नाही, आणि सुरक्षेचे अपडेट किमान कधीपर्यंत देणार ते कंपनीला जाहीर करावं लागतं. म्हणजे तिथं माल विकणाऱ्या कंपन्या हे वर्ष ठरवतातच. तेच वर्ष इथल्या खोक्यावर, किमतीच्या शेजारी छापायला शाईचा खर्च किती येणार? औषधाच्या पाकिटावर, बिस्किटाच्या पुड्यावर तारीख असते. साडेतीन हजारांच्या डब्यावर का नको?

सरकार नियम करील तेव्हा करील. तोवर आपल्याला एक विनंती. पुढच्या वेळी अशी पानभर जाहिरात आली की आपल्या जाहिरात विभागानं त्या कंपनीला एवढंच विचारावं, सुरक्षेचे अपडेट कोणत्या सालापर्यंत? उत्तर आलं तर त्याच पानावर छापा. मी ते कापून काउंटरच्या काचेखाली लावीन. विचारायला येणारे तिथंच उभे असतात.

आपला,
एक जुना वाचक, शहापूर, बेळगाव
(नाव छापू नये, कंपन्यांची माणसं दुकानात चहाला येत असतात.)