दोन डॉलर चिन्हांबद्दल आभार

प्रिय दादा,

त्या रात्री साडेअकराला तुम्ही प्रतापनगरातून स्कूटर काढून आलात, त्याचे आभार तोंडी मानायचे राहूनच गेले. इथे सगळ्यांसमोर मानते, म्हणजे अशाच कुणा अडलेल्यालाही उपयोग होईल.

आंबिया बहाराची संत्री नागपूरच्या कळमना बाजारात येत होती. आडतीचा आवक नोंदवणारा आमचा प्रोग्राम नव्या सर्व्हरवर हलवला होता आणि पहाटेच्या लिलावाआधी तो चालू व्हायला हवा होता. प्रोग्राम ज्या बंद डब्यात चालतो तो कंटेनर उठायचा, पण डेटाबेस त्याला दारातच अडवायचा: पासवर्ड चुकीचा. मी तो दहा वेळा ताडून पाहिला होता. सेटिंगच्या फाइलमधल्या त्या पासवर्डला एकेरी अवतरण दिलं, दुहेरी दिलं. दुहेरीत बॅकस्लॅश घातला, तर यॅमलनंच, म्हणजे ती फाइल ज्या लिपीत लिहितात तिनंच, फाइल नाकारली.

तुम्ही कीबोर्डला हात लावला नाही. खुर्ची ओढून म्हणालात, "पहिले मले सांग, ही फाइल वाचते कोण?"

तोवर हा प्रश्न मला पडलाच नव्हता. आधी यॅमल वाचतं आणि अवतरणचिन्हं तिथेच गळून पडतात. मग कंटेनर उभे करणारं डॉकर कंपोज वाचतं. त्याला डॉलर दिसला की पुढची अक्षरं व्हेरिएबलचं, म्हणजे ज्याच्या जागी दुसरा मजकूर भरायचा त्याचं, नाव वाटतात. शेवटी, कमांड असेल तर, कंटेनरमधलं शेल, म्हणजे आज्ञा चालवणारा प्रोग्राम. माझ्या पासवर्डच्या मधोमध डॉलर होता आणि त्यापुढे शेवटपर्यंत अक्षरंच. त्या नावाचं व्हेरिएबल कुठेच नव्हतं, म्हणून कंपोजनं तिथे रिकामी जागा भरली. तशी सूचनाही दिली होती, पण बाकीच्या ओळींच्या गर्दीत ती वर सरकून गेली होती.

कंपोजनं फाइल कशी वाचली ते दाखवणारी 'डॉकर कंपोज कॉन्फिग' ही आज्ञा तुम्ही मला चालवायला लावलीत आणि पडद्यावर बोट ठेवलंत. तिथे अर्धाच पासवर्ड होता. मी डॉलरशेजारी दुसरा डॉलर टाकला, $$, म्हणजे कंपोज त्याला साधा डॉलर समजतं, आणि कंटेनर जोडला गेला. या आज्ञेत पासवर्ड उघडे दिसतात, तेव्हा तिचा फोटो ग्रुपवर टाकू नको, हेही तुम्ही बजावलंत. निघताना जिन्यात सांगितलंत की अनेक मशीनवर कंटेनर चालवणाऱ्या कुबर्नेटीजची रीत वेगळी: तिथे डॉलरपुढे गोल कंस असेल तरच अदलाबदल होते, सुटा डॉलर तसाच राहतो.

तुम्ही स्वतः टाइप केलं असतं तर पाच मिनिटांत घरी गेला असता. मला समजेपर्यंत एक वाजला, आणि तुम्ही बसून राहिलात. दादा, मला याचंच मोल जास्त आहे.

मागच्या आठवड्यात रात्रीच्या बॅकअपच्या फाइलला तारखेचं नाव द्यायचं होतं. तारीख शेलनं काढायची, कंपोजनं नाही, म्हणून तिथे पहिल्याच वेळी दोन डॉलर लिहिले. पहाटे फाइल तारखेसकट तयार होती.

आडतीतून आलेली संत्री काकूंकडे ठेवली आहेत.

तुमची,
खालच्या गल्लीतली धाकटी बहीण