तुझा खोकला आणि डचचा प्लॅन

प्रिय बाबू,

मेल करतेय, कारण व्हॉट्सॲपवर लिहिलं की तू निळी टिक देऊन गप्प बसतोस आणि फोनवर नुसतं हो गो, हो गो, मग मागून तुझ्या साहेबांचा, त्या दादांचा आवाज आला की लगेच ठेवतो म्हणतोस. हे निवांत वाच. भांडायला लिहीत नाहीय. खोकल्याचं पण विचारणार नाही, चिंगीने बजावलंय की मेलमध्ये तो शब्द आला तर तू पुढचं वाचणारच नाहीस. आला बघ. असो.

चवथीला तू गणपती पोचवायच्या आधीच निघालास त्याचं वाईट वाटलं, पण तेवढंच नाही. गणपतीवरची माटोळी तू बांधलीस आणि सोडायला पप्पा त्या गुडघ्याने स्टुलावर चढले, तेही जाऊदे. तू स्टँडवर जे बोललास ते मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. मी एवढंच म्हटलं की जूनपासून पगार नाही, अंगात कणकण आहे, दीड दिवसाचा गणपती तेवढा तरी राहा, त्या माणसाचा एक फोन आला की धावतोस, तो कोण लागतो तुझा? तर तू म्हणालास, तुला लॉयल्टी काय ते नाही कळणार आई, आर्थर मॉर्गन बघ, शेवटपर्यंत राहिला तो. आणि चढलास बसमध्ये. मला तर आर्थर मॉर्गन कोण तेच माहीत नव्हतं, वाटलं ऑफिसातला कोण गोरा असेल.

तर बघितला मी. तुझा पीएस फोर इथेच आहे ना, चिंगीला म्हटलं लाव तो घोड्यांचा गेम, रेड डेड रिडेम्प्शन २, ज्यात तुझा आर्थर आहे, दरोडेखोरांच्या टोळीतला. ती खेळायची, मी बाजूला बसून भाजी निवडायची, जेवणं झाली की रोज. पप्पा आधी म्हणाले दोघींना खूळ लागलंय, मग ब्लॅकवॉटर गावातल्या दरोड्याची भानगड कळेपर्यंत स्वतःच खुर्ची ओढून बसायला लागले, आणि आता चिंगीला सांगतात की त्या वळणावर घोडा हळू घे. आम्ही शेवटपर्यंत बघितला बाबू. आणि मला वाटतं तू तो नीट बघितलेला नाहीस.

एक गोष्ट आधी कबूल, त्या टोळीचा म्होरक्या डच मला आवडला. १८९९ साल, दरोडा फसलाय, बर्फात पळून आलेत, माणसं मेलीत, खायला नाही, आणि हा माणूस उभा राहून चार शब्द बोलतो आणि सगळ्यांच्या जिवात जीव येतो. ते नाटक नाही त्याचं, निदान तेव्हा तरी नाही. आर्थरची आई लहानपणीच गेलेली, बाप चोर, असल्या पोराला डच आणि त्याचा जुना जोडीदार होझेयाने उचलला, वाढवला, लिहायला वाचायला शिकवलं. तो वहीत लिहितो, पक्षी नि झाडं काढतो (तुझ्यासारखीच रे, मी चिंगीला म्हटलं पण), ते ह्या दोघांमुळे. म्हणजे उपकार खरे. तीच तर पंचाईत. डच नुसता बदमाश असता तर आर्थर दुसऱ्या दिवशी घोड्यावर बसून निघून गेला असता.

आणि तुझ्या दादांचं पण मी विसरलेले नाही. आम्ही तुझे बँकेच्या परीक्षेचे फॉर्म भरत होतो तेव्हा त्या माणसाने तुझी चित्रं बघून तुला पुण्याला नेलं, काम शिकवलं, पहिल्या महिन्यात स्वतःच्या घरी ठेवलं. तू तिथे गेमसाठी केलेलं ते जंगल, पावसातलं, पप्पांच्या फोनमध्ये आहे आणि चहाच्या गाड्यावर एकही माणूस उरलेला नाही ज्याला त्यांनी ते दाखवलेलं नाही. तुला सांगू नको म्हणाले होते. तेव्हा मी दादांना चोर दरोडेखोर म्हणत नाहीय. मी फक्त म्हणतेय की होझेया कोण आहे तुमच्यात?

कारण बघ, होझेया होता तोवर डचला कोणतरी तोंडावर नको म्हणणारा होता. तो सेंट डेनिसच्या बँकेपाशी मेला आणि मग उरला मायका, डचला जे ऐकायचं असतं तेच बोलणारा. तुमच्याकडे ती अकाउंट्स बघणारी बाई होती ना, सगळ्यांसमोर पगाराची तारीख विचारायची, तिने सोडलं असं तू हसत सांगितलंस तेव्हा मला धस्स झालं होतं, का ते तेव्हा मलाच कळलं नव्हतं. गेम बघताना कळलं. आणि ती पैशाची पेटी, कॅम्पमधली. चिंगी मर मर मरून शिकार करून पैसे आणते, पेटीत घालते, आणि डचचं आपलं अजून थोडे पाहिजेत, अजून एक मोठं काम, मग ताहिती, तिथे आंबे पिकवायचे. मी म्हटलं आंबेच पाहिजेत तर मेमध्ये इकडे ये म्हणावं, मानकुराद देते. पप्पा हसले नाहीत.

पप्पा का हसले नाहीत ते तुला ठाऊक आहे, चिंगीला तितकं नाही, ती लहान होती. २०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, ऑक्टोबरात वरून सुप्रीम कोर्टाची बंदी आली, आणि आपला ट्रक दारात. हप्ते चालू. बाकीचे ट्रक विकून मोकळे झाले, कोण रेती वाहायला लागला, कोण दुबईला गेला, पप्पा थांबले कारण कंत्राटदार म्हणायचे पुढच्या महिन्यात सुरू होतंय, तुझा नंबर पहिला. आणि ते पण वाईट नव्हते रे! आजीच्या खुब्याच्या ऑपरेशनला त्यांनी रात्री अकराला पैसे आणून दिले होते, कागद नाही की काही नाही. मग पप्पा त्यांना सोडून दुसऱ्याकडे कसे जाणार? २०१४ ला बंदी उठली, वाटलं सुटलो, ती सुरू होईतो आणखी किती काळ गेला, आणि २०१८ च्या मार्चमध्ये परत सगळं ठप्प. माझ्या पाटल्यांचं तुला माहीत आहे. कंत्राटदारांनी तोवर हॉटेलात पैसे घातलेले, त्याचं आम्हाला लग्नात कोणाच्यातरी तोंडून कळलं. मी दोष देत नाही, त्यांनापण पोट आहे. पण पप्पा त्या दिवशी लग्नातून न जेवता घरी आले आणि ट्रक धुवायला घेतला, पाऊस पडत असताना. मी काय सांगत होते...

हां, आर्थर. मी लॅबमध्ये एवढी वर्षं थुंकी तपासली, मला कुठे काय दिसतं ते माझ्या हातात नाही. तो डाऊन्स नावाचा माणूस आठवतो? कर्ज थकलेला, आजारी, त्याला आर्थर बडवतो आणि तो आर्थरच्या तोंडावर खोकतो, रक्त. मी तिथेच चिंगीला म्हटलं, गेला हा. (तसं एका खोकल्याने लागत नाही सहसा, जवळ राहून राहून लागतो, पण गोष्टीला चालतं.) मला जे खुपलं ते हे की आर्थर तिकडे स्वतःसाठी गेलाच नव्हता. टोळीची वसुली होती, टोळीतल्या स्ट्रॉसने व्याजाने दिलेले पैसे. आजार त्याला कामावर लागला. आणि मग किती वेळ तो नुसता खोकतोय, बारीक बारीक, आणि त्या टोळीत एवढी माणसं, पुढचा दरोडा, पुढची गाडी, आणि शेवटी भर रस्त्यात कोसळतो तेव्हा कुठे डॉक्टर. डॉक्टर म्हणतो क्षय आहे, विश्रांती घे, उबदार कोरड्या जागी जा. बाकी त्याच्याकडे देण्यासारखं काही नाहीच. कॉख नावाच्या शास्त्रज्ञाला क्षयाचा जंतू सापडला १८८२ ला, म्हणजे नाव गाव सगळं माहीत, पण औषध यायला १९४० चं दशक उजाडावं लागलं. आर्थर मधल्या काळात सापडला बिचारा. आता सहा महिने गोळ्या घ्यायच्या, सरकारी दवाखान्यात फुकट, आणि माणूस बरा होतो, मी डोळ्यांनी बघितलेत, हाडं दिसणारे आलेले आणि लग्नाचं आमंत्रण द्यायला परत आलेले. मी म्हणत नाही की तुला टीबी आहे. ॲलर्जी असेल, पुण्याची धूळ असेल, त्या एसीचं असेल. पण दोन आठवड्यांच्या वर खोकला असला की तपासायचा हा नियम आहे, मी काढलेला नाही. संध्याकाळी ताप येतो का? पॅन्ट सैल झालीय असं तू चवथीला स्वतः म्हणालास, मी नाही.

परत लेक्चर झालं, सॉरी. चिंगी बरोबर बोलली होती.

दादांना माहीत आहे का तुला बरं नाही ते? की तू त्यांच्यासमोर खोकला दाबतोस? मला तो रेल्वे स्टेशनवरचा सीन विसरता येत नाही, आर्थर त्या म्हाताऱ्या सिस्टरजवळ बाकावर बसून सांगतो की मला भीती वाटते. वीसएक वर्षं ज्याच्याबरोबर काढली त्या डचजवळ नाही, येता जाता ओळख झालेल्या एका सिस्टरजवळ. एवढा दांडगा माणूस. मी उठून आत गेले, चिंगीला वाटलं दूध उतू जातंय.

आणि तू म्हणतोस शेवटपर्यंत राहिला. कोणाबरोबर राहिला बाबू? टोळीतला जॉन तुरुंगात सडत होता, डच म्हणे योग्य वेळ आली की सोडवू, आर्थर आणि टोळीतली ती सेडी जाऊन त्याला घेऊन आले, तर डच खूश व्हायचा सोडून चिडला, मला न विचारता का केलं. मग त्या तेलाच्या कारखान्यात, सैनिक आर्थरच्या उरावर बसलाय, तो डचला हाक मारतोय, डच बघतो. बघतो आणि वळून निघून जातो. तिथे पप्पा खुर्चीतून उठले आणि बाहेर व्हरांड्यात गेले, परत आले ते दुसऱ्या दिवशीच. पुढे जॉनच्या बायकोला, ॲबिगेलला पकडून नेलं तेव्हा पण डच नाही म्हणाला, आर्थर आणि सेडीच गेले. म्हणजे तो राहिला तो जॉनसाठी, ॲबिगेलसाठी, त्यांच्या त्या लहान जॅकसाठी. स्वतःची टोपी काढून जॉनच्या डोक्यावर ठेवली आणि त्याला पळ म्हणाला. डचला त्याने शेवटी एवढंच सांगितलं की होतं नव्हतं ते सगळं तुला दिलं. ह्याला तू दादांसाठी चवथ सोडून जाण्याशी जोडतोस? आणि हे सगळं त्याला सुचलं कधी, तर डॉक्टरने सांगितल्यावर. आधी नाही. आधी तो पण तुझ्यासारखाच, डच म्हणतोय ना, मग ठीक.

घोडा मेला तेव्हा चिंगी रडली हे तिला सांगू नकोस मी लिहिलंय म्हणून. मी नाही रडले. आर्थर वाकून घोड्याला थँक यू म्हणतो, त्यालासुद्धा म्हणतो.

मी तुला नोकरी सोड म्हणत नाही. सोडलीस तर तो गेम अर्धा राहील, तुझं जंगल अर्धं राहील, मला कळतं ते. पण पगाराची तारीख लेखी मागायला काय हरकत आहे, एक ईमेल, सर नमस्कार, जूनपासूनचा पगार कधी मिळेल. त्यात बेइमानी काय? दादा खरंच चांगले असतील तर त्यांना राग येणार नाही, आणि आला तर तेही कळलं. पप्पांनी त्या कंत्राटदाराला सहा वर्षांत एकदाही सरळ विचारलं नाही, लाज वाटायची, आजीचे पैसे आठवायचे. परवा तू पप्पांना फोनवर म्हणालास ना की विचारायला बरं वाटत नाही, तो आवाज अगदी त्यांचाच होता. मी स्वयंपाकघरातून ऐकलं, कोण बोलतंय ते कळायला मला जरा वेळ लागला.

तुझ्या खात्यात थोडे टाकलेत, परत पाठवू नकोस, ते माझे आहेत, पप्पांचे नाहीत. तेवढ्यातून आधी एक्स-रे काढ. मी म्हणाले होते ना विचारणार नाही, हे विचारणं नाही, सांगणं आहे.

चिंगी आता एपिलॉग खेळतेय, १९०७ चा, जॉन घर बांधतोय. पप्पांना ते फार आवडलंय, वासे नीट बसवत नाहीत म्हणून तक्रार पण चालू आहे. सोलां, नेवऱ्या आणि घरची मिरची कोणाबरोबर तरी पाठवते. पत्ता तोच आहे ना? भाडं थकलं तर मालक खोली खाली करायला लावेल असं चवथीला म्हणाला होतास, ते मी विसरले असं समजू नको. तोच असेल तर तोच म्हणून लिही, एवढं एका शब्दात तरी.

तुझी,
आई

ता. क. सरकारी दवाखान्यातच जा, पैसे पडत नाहीत. थुंकीचे दोन नमुने लागतात, एक तिथल्या तिथे आणि एक सकाळचा. सकाळी उठल्या उठल्या चूळ भरायची, खोल श्वास घेऊन आतून खोकून जो बेडका येतो तो द्यायचा. नुसती थुंकी दिलीस तर चालत नाही, माझ्या टेबलावर आली असती तर मी डबी परत पाठवली असती.