लिंकनच्या आई-वडिलांचे कागद काय सांगतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या फेब्रुवारीत अब्राहम लिंकन यांच्या जयंतीनिमित्त आपल्या दैनिकाने लेख छापला. लेख जिव्हाळ्याने लिहिला होता, पण त्यातल्या एका वाक्याने मला अस्वस्थ केले. लिंकनचे वडील थॉमस 'आळशी, अडाणी, एका जागी न टिकणारे' होते, असे त्यात म्हटले होते. आईबद्दल तर 'प्रेमळ होती, लवकर वारली' एवढेच. मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून उभी हयात घालवली. मुलगी केंटकीतल्या लुइव्हिलला असते. तिच्याकडे मुक्काम असताना या जोडप्याचे जुने कागद वाचण्याचा मला नाद लागला, आणि त्या कागदांत मला आपल्या लेखातला थॉमस काही भेटला नाही.

आधी त्याच्या बालपणाकडे बघू. थॉमसचे वडील, त्यांचेही नाव अब्राहम, 1786 च्या मे महिन्यात शेतात काम करताना मूलनिवासींच्या हल्ल्यात मारले गेले. थॉमस तेव्हा आठ-दहा वर्षांचा. केंटकी त्या वेळी व्हर्जिनियाचा भाग होता आणि मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन थोरल्या मुलाला, असा तिथला कायदा होता. व्हर्जिनियाने हा कायदा 1785 मध्येच मोडीत काढला होता, पण नवा नियम लागू झाला 1 जानेवारी 1787 पासून. त्या थोड्या महिन्यांच्या फरकाने थोरल्या मॉर्डेकायच्या नावे सगळे चढले आणि धाकटा थॉमस लोकांच्या शेतावर मजुरी करत वाढला. शाळा कुठून शिकणार तो? वारसाची एक नोंद माणसाला जन्मभर कशी पुरते, हे ज्यांनी फेरफार वाचले आहेत त्यांना वेगळे सांगायला नको.

याच पोराने पुढे सुतारकी शिकून 1803 मध्ये मिल क्रीकवर 238 एकर जमीन 118 पौंडांना घेतली. 1808 मध्ये सिंकिंग स्प्रिंगची 300 एकर घेतली. तिथेच 12 फेब्रुवारी 1809 रोजी अब्राहमचा जन्म झाला. नंतर नॉब क्रीक. हार्डिन काउंटीच्या 1814 च्या करवहीत मालमत्ताधारक 98 आहेत आणि त्यांत थॉमसचा नंबर पंधरावा लागतो. तो ज्यूरीवर बसत होता, 1816 मध्ये रस्त्याच्या देखभालीची जबाबदारी काउंटीने त्याच्यावर सोपवली होती. आळशी माणसाला गाव असली कामे सांगत नाही.

मग तो टिकला का नाही? इथे मला माझ्या धंद्याचे बोलले पाहिजे. केंटकीत सरकारी मोजणी आधी आणि वाटप नंतर, असे झालेच नाही. ज्याला जमीन हवी त्याने स्वतः मोजणीदार नेऊन हद्द आखून घ्यायची. 'पांढऱ्या ओकपासून ओढ्याच्या वळणापर्यंत, तिथून दोन बीचच्या झाडांपर्यंत' अशा त्या हद्दी. ओक तोडला गेला, ओढ्याने पात्र बदलले, की संपले. एकाच रानावर तीन-तीन, चार-चार दावे चढले. डॅनियल बून, ज्याने लोकांना केंटकीचा रस्ता दाखवला, त्याच्याही जमिनी अशाच गेल्या. थॉमसने मिल क्रीकचे रान 1814 मध्ये विकले तेव्हा खरेदीखतात 200 एकरच भरले आणि पैसे आले 100 पौंड. अडतीस एकर आणि अठरा पौंड मोजणीच्या घोळात गेले. सिंकिंग स्प्रिंगवर आधीच्या मालकाचा बोजा निघाला आणि तिथूनही उठावे लागले. नॉब क्रीकवर तर फिलाडेल्फियाच्या एका मयत जमीनदाराच्या वारसांनी दहा हजार एकरांवर हक्क सांगून थॉमस आणि त्याच्या शेजाऱ्यांवर ताबा सोडण्याचा दावा लावला. तो दावा पुढे थॉमसच्या बाजूने सुटला, पण तोवर तो राज्य सोडून गेला होता. स्वतः लिंकन यांनी 1860 मध्ये लिहून ठेवले आहे की केंटकी सोडण्यामागे गुलामगिरी हे एक कारण होते, पण मुख्य कारण जमिनीच्या हक्काचा घोळ.

आणि गेला कुठे, तर इंडियानात. का? तिथे 1785 च्या अध्यादेशाप्रमाणे सरकारने आधी चौकोनी मोजणी केली होती. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा एक टाउनशिप, त्यात 36 सेक्शन, प्रत्येक सेक्शन 640 एकरांचा. साखळी 66 फुटांची. आपला गुंठा 33 फूट बाय 33 फूट, म्हणजे त्याची बाजू त्या साखळीच्या बरोबर निम्मी. हे हिशेब मी इतकी वर्षे पाठ केले, आणि तेच सातासमुद्रापार एका सुताराच्या संसाराला कामी आलेले वाचून मला खरोखर भरून आले. ऑक्टोबर 1817 मध्ये थॉमसने व्हिन्सेन्सच्या जमीन कचेरीत 160 एकरांची नोंद केली. एकरी दोन डॉलर हा भाव. सगळे पैसे जमले नाहीत. दहा वर्षांनी त्याने निम्मी जमीन सरकारला परत केली, तिच्यापोटी भरलेली रक्कम उरलेल्या निम्म्याकडे वळवून घेतली आणि 1827 मध्ये 80 एकरांची निर्वेध सनद मिळवली. खतपत्र कसे असावे हे तीन वेळा पोळून शिकलेल्या शेतकऱ्याचा हा व्यवहार आहे.

आता नॅन्सी हँक्स. तिला शोधणे फार अवघड, आणि त्या शोधाची हकिगत वाचकांना कळायला हवी.

लिंकन अध्यक्ष झाल्यावर त्यांच्या शत्रूंनी उठवले की या आई-बापांचे लग्नच झाले नव्हते. पुढे तर मुलगा दुसऱ्याच कुणाचा, असेही पसरवले. लोक नोंद शोधत राहिले हार्डिन काउंटीत, कारण जोडप्याने संसार मांडला तो तिथल्या एलिझाबेथटाउनला. नोंद सापडेना, मग कुजबुजीला आणखी बळ आले. 1865 मध्ये लिंकन यांचा खून झाला, तरी प्रश्न तसाच. अखेर 1878 मध्ये जवळच्या वॉशिंग्टन काउंटीतल्या स्प्रिंगफिल्ड गावच्या कचेरीत तिथल्या क्लार्कने, डब्ल्यू. एफ. बुकर यांनी, तो कागद, लग्नाचा बाँड, शोधून काढला. लग्नाचा परवाना वधूच्या काउंटीत निघायचा! आपल्याकडे कुणीही पहिल्या झटक्याला विचारले असते की मुलीकडची मंडळी कुठली. तिथे सगळे नवऱ्याच्या गावात उकरत बसले होते.

त्या बाँडची छायाप्रत जावयाने मला काढून दिली. तारीख 10 जून 1806. थॉमस लिंकन आणि नॅन्सीच्या बाजूने रिचर्ड बेरी, असे दोघे मिळून गव्हर्नरला 50 पौंडांचे बंधपत्र लिहून देतात की या लग्नाला कायद्याची काही आडकाठी नाही. दोघांच्या सह्या आहेत. थॉमसला लिहिता येत नव्हते, कशीबशी सही जमायची, असे लिंकन सांगत. ती सही बघितली तर हात जड आहे, पण अक्षरे पुरी आहेत. दोन दिवसांनी, 12 जूनला, जेसी हेड नावाच्या मेथडिस्ट धर्मोपदेशकाने लग्न लावले आणि आपल्या यादीत तशी नोंद करून कचेरीला कळवले. ज्या जोडप्याच्या चारित्र्यावर दोन पिढ्या शिंतोडे उडाले, त्यांच्या बाजूचा पुरावा एवढी वर्षे बासनात पडून होता.

पण बाँडवर नॅन्सीची सही नाही, तिची गरजच नव्हती. तिचा हात कागदावर दिसतो तो 1814 मध्ये, मिल क्रीकच्या खरेदीखतावर. नवऱ्याच्या जमिनीत बायकोचा कायद्याने हिस्सा असे, आणि जमीन विकताना तिने तो सोडला असे लिहून घ्यावे लागे. तिथे नॅन्सीने फुली मारली आहे. माझ्या नोकरीत बहिणींच्या हक्कसोडपत्रांवरचे अंगठे मी शेकड्यांनी पाहिले. बाईचे नाव दप्तरी यायचे ते ती काही सोडून देत असतानाच. केंटकीतही तेच होते, हे वाचून मला फार वाईट वाटले.

तिचे माहेर कोणते, हा तर शंभर वर्षांहून अधिक चाललेला वाद. ती नऊ वर्षांच्या मुलाला मागे ठेवून 5 ऑक्टोबर 1818 रोजी गेली. 'मिल्क सिकनेस' म्हणत त्या दुखण्याला. गाई रानातली व्हाइट स्नेकरूट नावाची वनस्पती खात आणि त्याचे विष दुधातून माणसांत येई. ज्यांनी नॅन्सीला वाढवले ते मावशी-काका एलिझाबेथ आणि थॉमस स्पॅरो हेही त्याच साथीत वारले. आजोळची गोष्ट मुलाला सांगायला कुणी उरले नाही. उरला एक डेनिस हँक्स, तो म्हातारपणी विचारणाऱ्याप्रमाणे उत्तरे बदलत असे.

मग लोकांनी कागद धरले, तर कागदही फसवू लागले. नेल्सन काउंटीत जोसेफ हँक्स नावाच्या शेतकऱ्याचे 1793 चे मृत्युपत्र आहे. त्यात मुलांना एकेक घोडा आणि मुलींना एकेक कालवड दिली आहे, तीही नावानिशी: एलिझाबेथला 'जेंटल', पॉलीला 'लेडी', नॅन्सीला 'पाइडी'. 1899 मध्ये एका अभ्यासिकेने जाहीर केले की हीच लिंकनची आई. पण ही नॅन्सी वेगळी, डेनिसची आई. एका गावात एकाच नावाचे दोन खातेदार असले की काय होते ते आम्ही मोजणीवाले जाणतो. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की बेरींच्या घरात शिपली कुळातली सून होती, तेव्हा नॅन्सीची आई लूसी हीदेखील शिपलीच.

लूसी मात्र मला या सगळ्यांत जिवंत वाटते. 1790 मध्ये मर्सर काउंटीत हेन्री स्पॅरोशी लग्न करायचे ठरल्यावर तिने स्वतःच्या हाताने लिहून दिले आहे की मी सज्ञान आहे आणि माझ्या खुशीने परवाना घ्यायला हरकत नाही. शब्द चुकीचे लिहिलेले, पण हुकूम स्पष्ट. आईला लिहिता येत होते आणि लेकीने फुली मारली! जोसेफ हँक्सच्या मृत्युपत्रात लूसीचे नाव नाही. ती लग्नाआधी आई झाली होती आणि नॅन्सी तीच मुलगी, असे लिंकन आपले भागीदार हर्नडन यांच्याशी बोलल्याचे हर्नडन यांनी लिहून ठेवले आहे.

2015 मध्ये डीएनएच्या अभ्यासाने यावर बराच प्रकाश पाडला. आईकडून लेकीला, लेकीकडून नातीला असा जो अंश जातो, तो लूसीच्या इतर मुलींच्या वंशातून आणि जोसेफ हँक्सची बायको अॅन ली हिच्या इतर लेकींच्या वंशातून तपासला गेला. दोन्ही जुळले. म्हणजे लूसी हँक्सांचीच लेक होती, शिपलींची नव्हे. नॅन्सीचे वडील कोण, ते या चाचणीतून कळत नाही. पण ज्या मायलेकींच्या साखळीची नोंद एकाही वहीने धरली नव्हती, ती अखेर त्यांच्या रक्तातच सापडली.

नॅन्सीचे चित्र नाही. तिची कबर साठ वर्षे जवळजवळ बेवारशी होती. 1879 मध्ये गाड्या बनवणाऱ्या स्टुडबेकर घराण्यातल्या एकाने दगड बसवला.

संपादक महाराज, आपल्याकडे शाळाशाळांच्या भिंतींवर लिंकनच्या नावाने हेडमास्तरांना लिहिलेले पत्र लावलेले असते. ते त्यांच्या कागदपत्रांत कुठेही नाही. ते लोकांना आवडते, याची मला कल्पना आहे. पण मेलेल्या माणसाच्या नावाने चांगले लिहिणे निराळे आणि त्याच्या बापाला आळशी ठरवणे निराळे. येत्या 12 फेब्रुवारीला आपण पुन्हा लिंकनवर लिहाल, तेव्हा थॉमसची ओळख सुतार, शेतकरी आणि तीन वेळा जमिनीच्या हक्काच्या घोळात सापडलेला मनुष्य अशी करून द्यावी, आणि नॅन्सीसोबत तिची आई लूसी हिचेही नाव छापावे, ही विनंती. बाँडची आणि 1814 च्या खरेदीखताची छायाप्रत मी कार्यालयात पोचवायला तयार आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूकरमापक, कराड