नानांचे मेल

गिरगाव, मुंबई

प्रिय शुभे,

मी बरी आहे, गुडघा आहे तसाच. नाना माझ्याशी बोलत नाहीयेत. कारण ऐकून तूच काय ती हसशील, म्हणून तुलाच लिहितेय.

तुलाही आला असणार तो मेल. आजारी मुलगी, पंधरा जणांना पाठवा, दर मेलमागे कंपनी तिच्या ऑपरेशनला पैसे देईल, आणि जो पाठवणार नाही त्याचं काळीज दगडाचं. नानांनी तो अख्ख्या चाळीला, पेन्शनर मंडळींना, भिशीवाल्यांना आणि का कोण जाणे, दातांच्या डॉक्टरलाही पाठवला. सगळे पत्ते वर उघडे, रांगेत. बीसीसी नावाचा रकाना असतो, त्यात टाकलेले पत्ते बाकीच्यांना दिसत नाहीत, हे बाळूने त्यांना दाखवलंय. "चोरून कशाला पाठवायचं?" म्हणाले.

मी त्यांच्या घरी गेले. म्हटलं, नाना, मोजतंय कोण? आपण मेल पुढे किती जणांना ढकलला याची वही कुठलीच कंपनी ठेवत नाही. १९९७ मध्ये बिल गेट्स पैसे वाटणार म्हणून असाच मेल फिरला, दमडी कुणाला मिळाली नाही. "आणि मुलगी खरी असली तर?" मग क्रेग शेरगोल्डचं सांगितलं. तो खरा होता. इंग्लंडमधला, मेंदूत गाठ झालेला पोरगा. १९८९ मध्ये त्याला शुभेच्छापत्रं पाठवा म्हणून हाक गेली, पत्रांचा विक्रम झाला, १९९१ मध्ये अमेरिकेत ऑपरेशन होऊन तो बराही झाला. पण पत्रं थांबेनात. आता पुरे म्हणून सांगितलं तरी वर्षानुवर्षं येतच राहिली, आणि पुढे ती विनवणी ईमेलमधूनही फिरली. नानांनी शांतपणे चहा संपवला. "बरा झाला ना? मग!"

आता बोल!

मला आपलं संतोषीमातेचं पोस्टकार्ड आठवलं, इतक्या जणांना लिहून पाठवा नाहीतर वाईट होईल, असलं. तू ते फाडून गॅलरीतून खाली सोडलंस आणि माझं गणित गेलं. कार्ड माझ्या नावावर आलं होतं, हे तू अजून कबूल करत नाहीस. असो. पण तेव्हा कार्डं विकत आणावी लागत, हाताने लिहावी लागत, निम्म्यात भक्ती आटायची. मेलला ना पैसे पडतात ना बोटं दुखतात. प्रत्येकाने दहा जणांना पाठवला तर सहाव्या फेरीत दहा लाख! शिवाय आधीच्यांचे पत्ते खाली चिकटून पुढे जातात. वाटेत कुणाच्या व्हायरस लागलेल्या कॉम्प्युटरवर तो पडला की स्पॅमवाल्याला आयतं गाठोडं. त्याला चालू पत्ते हवे असतात, त्यातही लगेच विश्वास ठेवणाऱ्यांचे. ते आपलीच माणसं दयेपोटी फुकट गोळा करून देतात. माईंना हल्ली लॉटरीचे आणि "खातं बंद होईल, इथे क्लिक करा" असले मेल येतात. नानांमुळेच, असं शपथेवर सांगणार नाही. पण यादीत त्या होत्या, तूही आहेस. असलं काही आलं तर उघडू नकोस.

नानांनी मला यादीतून काढलंय. म्हणजे यादीतून नाव काढता येतं त्यांना! इतकी वर्षं येत नाही म्हणत होते.

गंमत सोड. काकू गेल्यापासून रोज सातला त्यांचं काहीतरी यायचं. देवाचा फोटो, हळदीचे फायदे, काहीही. मी वाचायची नाही, पण नाना उठले एवढं कळायचं. आता सात वाजून जातात आणि मी उगाच मोबाइल बघत बसते. जिना चढून जावं तर दार उघडतील, पण बोलणार नाहीत. ओळखतेस ना त्यांना.

मनूचं ठरलं हे कळलं, फार बरं वाटलं. साडीचं फोनवर बोलू. तुझ्या सासूबाईंना नमस्कार.

तू नानांची लाडकी, तूच त्यांना फोन कर. हे पुढे ढकलायचे साखळी-मेल बंद करा म्हणून सुरुवात करू नकोस, माझ्यासारखं होईल. म्हणावं, मला रोज तुमच्या स्वतःच्या दोन ओळी लिहा, चाळीतल्या, भांडणातल्या, कसल्याही. आणि दुपारी दोन ते चार करू नकोस, झोपतात.

तुझी,
नली