साक्षीदार दोनच लागतात

कोथरूड, पुणे
१२ जुलै २०२५

प्रिय शुभे,

आधी तब्येती उरकते. ह्यांची शुगर ताब्यात, माझा गुडघा आहे तिथेच, आई शहाऐंशीची झाली आणि अजून माझ्या आमटीत मीठ कमी काढते. झालं.

आता मुद्दा. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू मध्ये बोलतेस. २०१७ मध्ये तेच झालं, आणि मग आपण किती दिवस तोंड फिरवून होतो ते तुलाही आठवत असेल. म्हणून पत्र. आता बस गुमान वाचत.

दादाची सई लग्न करतेय. लिनशी. हो, तीच लिन, जी गेल्या गणपतीत तुझ्या ओट्याशी मोदक करायला बसली होती आणि जिच्या पाऱ्या माझ्यापेक्षा बऱ्या पडतात हे तू मला मुद्दाम कळवलं होतंस. तुला तेव्हा काही कळलं होतं का? ह्यांचं म्हणणं, शुभाला पहिल्या दिवशी कळलं असणार, ती बोलली नाही एवढंच. मी म्हटलं, शुभा आणि न बोलणं? तर ते हसले. ऑक्टोबरात तिकडे सिडनीतच सही करायची म्हणतात, नोटीस महिनाभर आधी द्यावी लागते. हे सगळं तुला कळवायची परवानगी सईने दिली आहे. पण म्हणाली, "आत्या, तू विचार. मी नाही विचारणार." काय विचारायचं ते पुढे येईलच.

दादाला मे महिन्यात तिने व्हिडिओ कॉलवर सांगितलं. तो "बरं" म्हणाला, बाल्कनीत गेला आणि वहिनीने सकाळीच पाणी घातलेल्या कुंड्यांना पुन्हा पाणी घालत बसला. खालच्या मजल्यावरच्या बाई वाळत घातलेल्या चादरी भिजल्या म्हणून भांडायला वर आल्या, तर हा त्यांना सॉरीसुद्धा म्हणेना. दादा, शुभे! समलिंगी संबंध गुन्हा नाही असा कलम ३७७चा निकाल लागला तेव्हा, सप्टेंबर २०१८ मध्ये, ज्याने सोसायटीत पेढे वाटले होते तो. २०२३च्या एप्रिलमध्ये लग्नाच्या हक्काची सुनावणी सुरू झाली तर हा रोज वही घेऊन थेट प्रक्षेपणासमोर. बार कौन्सिलने ठराव केला की देशातल्या ९९.९ टक्क्यांहून जास्त लोकांचा याला विरोध आहे, तेव्हा टीव्हीवर ओरडला, "मोजलं कुणी?" त्याच वर्षी प्यू या अमेरिकी संस्थेच्या पाहणीत ५३ टक्के भारतीय बाजूने आणि ४३ टक्के विरोधात निघाले, तर तो आकडा त्याने आम्हाला प्रत्येकाला वेगवेगळा पाठवला. आता मोजणी त्याच्या घरात आली, तर स्वारी गप्प.

तेव्हा केंद्राने राज्यांची मतं मागवली होती. राजस्थान, आंध्र आणि आसामने सरळ विरोध कळवला, आपल्या महाराष्ट्राने वेळ मागून घेतला. दादाही अस्सल महाराष्ट्रीय निघाला. "मला जरा वेळ द्या" म्हणतो. सईने तीन महिने दिलेत, त्यातले दोन संपत आले.

मला राग कशाचा येतो सांगू? तुझ्या नि मनोहरच्या लग्नासाठी तुझ्या बाबांना समजवायला १९८८ मध्ये हाच गेला होता ना माझ्याबरोबर? तुमच्या त्या काळोख्या जिन्यातून वर जाताना मला म्हणत होता, "मी अण्णा कर्व्यांवरून सुरुवात करतो." आणि केली! विधवाविवाहाचा कायदा १८५६चा, कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं १८९३ मध्ये, म्हणजे कायद्याला सदतीस वर्षं होऊनही मुरूडकरांनी बहिष्कार घातलाच, मग आता मुरूडकर बरोबर की कर्वे? तुझे बाबा शांतपणे म्हणाले, "कर्वे बरोबर. पण कर्व्यांना माझी मुलगी नको होती." आणि चहा न देता आम्हाला वाटेला लावलं. दादाने ते वाक्य पुढे कितीदा हसून सांगितलंय. परवा मी त्याच्यासमोर ते म्हटलं तर हसला नाही.

वहिनीचं वेगळंच. ती पहिले दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी लक्ष्मी रोडला गेली. तुळशीबागेत हिरव्या बांगड्या घ्यायला बसली, दोन हातांच्या नव्हे, दोघींच्या. कासारीण म्हणाली, "माप?" सईचं दोन-चार, ते हिला पाठ. लिनचं कुठून माहीत असणार? तर कासारणीने विचारलं, "दोघी बहिणी का?" आणि वहिनी म्हणाली, "हो." घरी येऊन पिशवी तशीच ठेवली आणि मला फोन केला. लग्नाचं दुःख राहिलं बाजूला, "मी हो का म्हटलं गं" हेच चाललं होतं. मी म्हटलं, अहो, तिला गिऱ्हाईक सांभाळायचंय, तुमची वंशावळ नकोय. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

पण दादाशी भांडायला तीच उभी राहते. तिचं माहेर मालवण तालुक्यातलं, वराडपासून जवळ. तो लिओ वराडकर २०१७ मध्ये आयर्लंडचा पंतप्रधान झाला तेव्हा त्या बाजूला केवढा आनंद, आणि २०१९च्या डिसेंबरात घरच्यांना घेऊन गावी आला तेव्हा वाजतगाजत स्वागत. आपण समलिंगी आहोत हे त्याने २०१५च्या जानेवारीत रेडिओवर सांगून टाकलं होतं, म्हणजे कुणाला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. वहिनी दादाला म्हणाली, "वराडच्या देवळात त्याच्या गळ्यात हार पडला, आणि तुमच्या सदाशिव पेठेच्या गळ्याला काय झालंय?" मी हे लिहून ठेवलंय. आम्ही पंधरा वर्षांपूर्वी सदाशिव पेठ सोडली हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता.

आयर्लंडचंच बघ ना. इतका कॅथलिक देश, २०१५च्या मे महिन्यात अशा लग्नांवर सार्वमत घेतलं आणि ६२ टक्के हो म्हणाले. नाही म्हणाला तो एकच मतदारसंघ. मग धर्मावर खापर फोडावं तर ते तिथे फुटत नाही. आणि आपल्याकडे कोर्टात विरोधाला जमियत उलेमा-ए-हिंद उभी, बाहेर विश्व हिंदू परिषदेचाही विरोध. एरवी एका मांडवात न येणारी माणसं. हे म्हणाले, राष्ट्रीय एकात्मता म्हणतात ती हीच.

आता तुझ्या गावाकडे येते. चिडू नकोस.

मी गेले काही दिवस रात्री तुमच्या ऑस्ट्रेलियातल्या समलिंगी लग्नावरच्या २०१७च्या त्या टपाली मतदानाचे आकडे घेऊन बसते. बँकेत आयुष्य गेलं, आकडे समोर असले की झोप येत नाही. देशभरात ६१.६ टक्के हो, ३८.४ नाही. आणि तुझा पॅरामाटा? ६१.६ नाही, ३८.४ हो. दशांशासकट उलटा! मला आधी वाटलं मीच रकाना चुकले. मग पुढचे पाहिले. ब्लॅक्सलंडमध्ये नाही ७३.९, वॉटसनमध्ये ६९.६, लिनच्या आईवडिलांचा काब्रामाटा ज्यात येतो त्या फाउलरमध्ये ६३.७. दीडशे मतदारसंघांपैकी सतरा नाही म्हणाले, त्यातले बारा तुमच्या पश्चिम सिडनीतले. लेबनीज, व्हिएतनामी, चिनी, आपले. मुस्लिम, ख्रिश्चन, हिंदू. आणि निवडणुकीत यांतले बहुतेक निवडून देणार लेबर पक्षाला, ज्याचे पुढारी हो म्हणा सांगत होते. उलट तो तुमचा माजी पंतप्रधान अॅबट, विरोधाचा झेंडा घेतलेला, त्याच्या स्वतःच्या मतदारसंघात ७५ टक्के हो!

सई तेव्हा तिथे शिकत होती, तिला मत नव्हतं. निकाल लागल्यावर सेंट्रलहून पॅरामाटाच्या ट्रेनमध्ये बसली की समोरची दहा माणसं मोजायची म्हणे. यातले सहा. कुठले सहा? भाजीची पिशवी मांडीवर घेतलेली आजी? की स्टेथोस्कोप गळ्यात विसरलेला तो पोरगा? आपल्यासारखं कुणी चढलं, मराठी कानावर आलं, की ही पुस्तकात तोंड घालायची. हे तिने मला आत्ता सांगितलं, आठ वर्षांनी. आणि त्या काळात दर रविवारी ती तुझ्याकडे जेवायला येत होती, शुभे.

मी तिला म्हटलं, मतदारसंघाच्या आकड्यावरून माणूस ओळखता येत नाही. तिथे शंभरातले अडतीस हो म्हणालेच की. आणि गोऱ्यांच्या क्वीन्सलँडमधल्या केनेडी, मरानोआ या मतदारसंघांतूनही नाहीच आलं, तेव्हा हे काही बाहेरून आलेल्यांचंच खूळ नव्हे. तिचं मत असं, की नाहीवाले चर्चमध्ये, मशिदीत, मंडळात, माणसाच्या भाषेत जाऊन बोलले, आणि होवाल्यांनी शहराच्या मधोमध इंग्रजी फलक लावले. "आमच्याशी कुणी बोललंच नाही, आत्या." ती 'आमच्याशी' म्हणाली, हे मला फार लागलं. तिला नाही म्हणणाऱ्यांतलीच ती स्वतःला अजून धरते.

तू फोनवर काय म्हणाली होतीस ते मला शब्दन् शब्द आठवतंय. "ह्या बाप्यांच्या लग्नाशी माझा काय संबंध? मंडळातल्या सगळ्या बायका नाही लिहितायत." मी विचारलं, तू काय लिहिलंस? तू म्हणालीस, कुकरची शिट्टी झाली. फोन ठेवला. शुभे, तुमच्याकडे तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते.

त्या मतदानाला सक्ती नव्हती, तरी ७९.५ टक्के लोकांनी लिफाफे परत पाठवले. तू पाठवलास का? तुझा लिफाफा ओट्यावर बिलांखाली सापडला असता तरी मला आश्चर्य वाटलं नसतं. नाट्यवाचनाच्या वेळी माझा निळा स्वेटर नेलास, तो अजून कुठल्या ढिगाखाली आहे कोण जाणे.

आता विचारते. तिकडे लग्नाला साक्षीदार दोन लागतात. लिनकडून तिचा भाऊ येतोय. तिची आई सहीला येणार नाही, जेवायला येईन म्हणाली आहे. चर्चच्या बायकांना काय सांगायचं ते तिचं अजून ठरत नाही. सईकडून कोण? दादाचं सांगितलंच. वहिनीला व्हिसा मिळाला तर ती येईल, पण ती सही करताना रडेल आणि कागद भिजवेल. सईला तू हवी आहेस. "शुभामावशी नाही तर कुणीच नको, मग ऑफिसमधलं कुणीतरी उभं करीन," असं म्हणाली, आणि लगेच म्हणाली, "पण तिने काय लिहिलं होतं गं?"

आपल्याकडे तीन लागतात, हे तुला मी सांगायला नको. नंदू, मी आणि ऐनवेळी बाहेरून धरून आणलेला तो झेरॉक्सवाला, ज्याने सही करून तुझ्याकडे चहाचे पैसे मागितले. स्पेशल मॅरेज ॲक्ट, १९५४. तुमची नोटीस फळ्यावर महिनाभर लटकली होती आणि मनोहरचं आडनाव वाचून तुझ्या काकांनी ऑफिसात केवढा तमाशा केला होता. त्याच कायद्यात दोन बायकांना बसवता येईल का हे कोर्टात गेलं होतं. १७ ऑक्टोबर २०२३ ला पाचही न्यायमूर्तींनी सांगितलं की ते संसदेचं काम. यंदा जानेवारीत फेरविचाराचे अर्जही फेटाळले गेले. आपल्या सुप्रियाताईंनी २०२२ मध्येच त्या कायद्यात दुरुस्तीचं खासगी विधेयक मांडलं होतं, त्याचं पुढे काही झालं नाही. म्हणजे ऑक्टोबरात तिकडे नवरा-नवरी काय म्हणायचं ते म्हणा, मुंबईला विमानातून उतरल्या की दोघी कायद्याने पुन्हा मैत्रिणी. वहिनीने कासारणीला सांगितलं त्याहून सरकारदरबारीही फारसं वेगळं लिहिता येणार नाही.

तर तू जा. हो लिहिलं असशील तर प्रश्नच नाही, फक्त आठ वर्षं ते माझ्यापासून लपवल्याबद्दल मी वेगळं भांडेन. नाही लिहिलं असशील, तरी जा. पण मग आधी सईला तसं सांग. पोरीने दहातले सहा खूप मोजले, शेजारी सही करायला उभं राहिलेलं माणूस कुठल्यातलं, हे तिला माहीत असू दे. ती रागावेल, एखादा रविवार जेवायला येणार नाही. येईल पुढच्या. तुझी आमटी माझ्यापेक्षा बरी आहे असं तीही म्हणते.

आणि सहीच्या दिवशी मनोहरलाही ने. त्याला काही बोलू देऊ नकोस, नुसता ने.

बाकी तुझं काय? अनयची नोकरी लागली का? घराचं छप्पर झालं का? सगळं लिही, मी खरंच वाचते.

आईला अजून सांगितलेलं नाही. दादा म्हणतो नको, वहिनी म्हणते मी सांगते, हे म्हणतात तिला आपल्या आधी कळलंय. मी पुढच्या आठवड्यात विषय काढणार आहे. तिला दुपारी चार वाजता चांगलं ऐकू येतं.

उत्तर कागदावर पाठव, नाहीतर फोन कर, मी मध्ये बोलणार नाही. व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवलास तर मात्र परत येईन तेव्हा बघ. आणि लिनच्या मनगटाचं माप काढून कळव, वहिनी पिशवी उघडत नाहीये.

तुझी,
सुनंदा