खरी स्लेट की तिच्यासारखी दिसणारी

प्रिय दिनू,

तुझं मागचं पत्र अजून उत्तराविना खणात पडलंय. त्यावर तू मला काय काय बोलणार आहेस ते मला पाठ आहे. भेटलास की सगळं निमूट ऐकून घेईन. आज लिहायला बसलो, कारण काल घरात जे झालं ते तुझ्याखेरीज कुणाला सांगून उपयोग नाही. तब्येती ठीक. माझा गुडघा तसाच.

घरातली फरशी बदलायची आहे. काल दोन नमुने आले: एक खऱ्या स्लेटचा, म्हणजे पाटीच्या दगडाचा, आणि एक स्लेटसारखी दिसणारी पोर्सेलीनची टाइल. मी खरा तुकडा दोन बोटांत अधांतरी धरला आणि चावीनं टकटक केलं. असा खणखणीत वाजला म्हणून सांगू! आत कुठे चीर नाही, थर सुटलेला नाही. मान वर करून बघतो तर कुणाचं लक्षच नव्हतं. सरोज म्हणाली, "दोन्ही सारख्याच दिसतात. पुसायला सोपी ती घेऊ." तेव्हा तू हवा होतास. माझ्या हातातून तुकडा ओढून घेऊन तू तो कानाशी नेला असतास.

आणि लगेच भांडलाही असतास. त्या सहलीतल्या दगडाला तू स्लेट म्हणालास, पण मी अजून ठाम आहे, तो फायलाइटच होता. भेगेच्या पृष्ठावर ती रेशमी चमक स्पष्ट दिसत होती. अभ्रकाचे कण एवढे वाढले की त्याला स्लेट म्हणत नाहीत. बापूनं तुझी बाजू घेतली, कारण त्याची पिशवी तू वाहत होतास! बाजारात तर फायलाइट, शिस्ट, कधी क्वार्टझाइट असे निरनिराळे दगडही स्लेट या एकाच नावानं विकतात. म्हणून या वेळी मी सगळं तपासून घेतलं. तुकडा काठावर उभा करून रात्रभर थोड्या पाण्यात ठेवला. सकाळी ओल पाण्याच्या रेषेच्या जेमतेम वर चढली होती. व्हिनेगरचा थेंब टाकला, फेस नाही, डागही नाही. म्हणजे चुन्याचा अंश फारसा नसावा. पितळी ठिपके भिंगातून शोधले, कारण ते पायराइटचे, म्हणजे लोह असलेल्या खनिजाचे असतात, आणि ते ओल धरून गंजलं की फरशीवर तपकिरी ओघळ उतरतात. एकही सापडला नाही. दगड उत्तम आहे, दिनू.

टाइलला मी मुळीच नावं ठेवत नाही. माती, फेल्डस्पार, सिलिका दाबून सुमारे १२०० अंशांवर भाजलेली वस्तू आहे ती. पाणी अर्ध्या टक्क्याहूनही कमी पिते. लिंबू सांडो, तेल सांडो, तिला काही होत नाही. खिळ्यानं ओरखडा उठत नाही. स्लेटवर तो उठतो, फक्त तेलाचा हात फिरवला की बराचसा मिटतो. पाणी-डाग मुरू नयेत म्हणून दगडाला सीलर लावा, काही वर्षांनी पुन्हा लावा, ही कटकट टाइलला नाही. पण शेजारी शेजारी टाइला मांडल्या तर धाकटीनं लगेच ओळखलं, "ही रेघ तिथेही आहे, आणि तिथेही!" छापायची चित्रं मोजकीच असतात, तीच फिरून फिरून येतात. मला त्याहून जास्त खुपतं ते वेगळंच. रंग सगळा वरच्या कातडीला. कोपरा उडाला की खालची फिकट माती उघडी पडते. स्लेटचा टवका उडाला तरी आत तोच दगड, तोच रंग.

आणि तो दगड असा झालाय कसा ते तुला मी काय सांगू! तळाशी साचलेला बारीक चिखल, त्यावर एका अंगानं प्रचंड दाब, आतले चपटे कण सगळे त्या दाबाला आडवे वळलेले. म्हणून तो पत्त्यांच्या जोडासारखा सुटतो, आणि तेही गाळाच्या मूळ थरांना न जुमानता. लाल असेल तर त्यात हेमाटाइट हे खनिज, हिरवा असेल तर क्लोराइट, काळा असेल तर कार्बन. हे सगळं पायाखाली असावं असं मला मनापासून वाटतं.

तरी रात्री झोप आली नाही ती आईमुळे. ती आता वॉकर धरून चालते, पाऊल उचलत नाही, ओढते. नैसर्गिक भेगेवर फोडलेल्या स्लेटला उंचसखलपणा असतो. त्यात वॉकरचा पाय अडकला तर? घासून सपाट केलेली घ्यावी तर ओली झाल्यावर ती निसरडी. टाइल मात्र सपाटही मिळते आणि पकड मोजलेलीही मिळते. तेलकट उतारावर माणसाला चालवून आर ९ ते आर १३ असे दर्जे ठरवलेले असतात, आकडा मोठा तशी पकड जास्त. तेव्हा आईची खोली, बोळ आणि न्हाणीघर इथे आर १० ची टाइल, हे मी ठरवून टाकलं. त्यात मला किंचितही वाईट वाटत नाही.

खिडकीखालच्या बैठकीला आणि तिच्या मागच्या भिंतीला खरी स्लेट. कपाटाच्या दारांसाठी एकानं तिसरंच दाखवलं. खऱ्या दगडाचा एक-दोन मिलिमीटरचा पापुद्रा, मागे फायबरग्लास आणि रेझिन. हात लावला की दगडच लागतो. याला खरं म्हणायचं की नक्कल, यावर तू आणि मी एक अख्खी रात्र भांडू शकू. दारांना मला तो पसंत आहे. कापताना मात्र पाणी सोडूनच कापायचं असं मी बजावलंय. स्लेट काय नि टाइल काय, दोन्हींची धूळ सिलिकाची, कारागिराच्या छातीत जाते.

अडलंय ते जिन्यापाशी. आई जिना चढत नाही, पण पोरं उड्या मारत उतरतात. टाइल लावली तर प्रत्येक पायरीच्या काठावर छपाई संपते आणि धातूची पट्टी ठोकावी लागते. ती मला बघवणार नाही. स्लेट जाड घेतली तर काठ गोल करता येतो, पण रोजच्या पायांनी त्याचे पापुद्रे सुटतील का? तुझ्या घरी खऱ्या स्लेटच्याच पायऱ्या आहेत आणि तुझी पोरं काही सावकाश चालणारी नाहीत.

नंदूच्या नोकरीचं कळलं, फार बरं झालं. सुमनचं डोळ्याचं ऑपरेशन कधी? नानांना नमस्कार सांग. तू फिरायला जाणं सोडलंस असं वसू म्हणाली, ते पुन्हा सुरू कर.

आणि उतरताना मधल्या दोन-तीन पायऱ्यांच्या काठावर, वरून आणि खालून, नीट बोट फिरवून बघ. कुठे सुटतंय का, किती सुटतंय, ते लगेच कळव. गवंडी जिन्यासाठी थांबलाय.

तुझा,
विजू