शरद जोशींच्या सबसिडीच्या हिशेबाची दुसरी बाजूही छापा

महोदय,

शेतीच्या अनुदानावर वाद सुरू झाला की शरद जोशींचे नाव हमखास पुढे येते. खत, वीज, ठिबक यांवरची सबसिडी बंद करा म्हणणारे सांगतात, की शेतकरी संघटनेच्या संस्थापकालाच ती नको होती. जोशींची ही भूमिका खरी आहे, पण ती अर्धीच सांगितली जाते. शेतीमालाचा भाव पाडणारी बंधने आधी उठवा आणि मग सबसिडी खुशाल काढून घ्या, असे त्यांचे म्हणणे होते. 'भीक नको, हवे घामाचे दाम' या घोषणेतली मागणी तीच आहे. हा क्रम उलटा केला तर ती जोशींची भूमिका राहत नाही.

यामागे साधा जमाखर्च होता. सरकार खतावर, विजेवर, पाण्यावर जे देते ते जमेच्या बाजूला लिहायचे. निर्यातबंदी, साठामर्यादा, ऐन हंगामातली आयात यांमुळे भाव जितका खाली येतो, तितके खर्चाच्या बाजूला लिहायचे. अशी बेरीज-वजाबाकी केली की शिल्लक उणे निघते. याला ते उणे सबसिडी म्हणत. गॅट या जागतिक व्यापार करारात शेतीला मिळणारा आधार मोजण्याची रीत ठरली, तेव्हा १९८६ ते १९८८ या वर्षांतले जागतिक भाव पायाभूत धरले होते. त्या भावांशी आपल्या सरकारी भावांची तुलना केल्यावर भारत सरकारच्या स्वतःच्या आकड्यांतूनच मालागणिक आधार एकूण उणे निघाला. अनेक शेतकरी नेते या कराराच्या मसुद्याला, म्हणजे डंकेल प्रस्तावाला, विरोध करत असताना जोशी त्याच्या बाजूने उभे राहिले, त्यामागे हेही एक कारण होते. पुढे २०१८ मध्ये ओईसीडी (मुख्यतः विकसित देशांची आर्थिक संघटना) आणि इक्रिअर (दिल्लीतली अर्थविषयक संशोधन संस्था) यांनी २०००-०१ ते २०१६-१७ या काळाचा अभ्यास केला. त्यातही भारतीय शेतकऱ्याला मिळालेला आधार ढोबळ शेती उत्पन्नाच्या सरासरी उणे १४ टक्के भरला. म्हणजे खत आणि विजेची सबसिडी हिशेबात धरूनही शेतकऱ्याच्या खिशातून पैसे गेले.

हा हिशेब एका एकरावर करून बघता येतो. कांद्याला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश अशी शिफारस आहे. एकराला हे प्रमाण ४०:२०:२० पडते. स्फुरदासाठी डीएपी या नत्र-स्फुरदाच्या खताची जेमतेम एक गोणी लागते, उरलेल्या नत्रासाठी युरियाच्या दीड गोण्या आणि थोडे पोटॅश. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तिचा खरा खर्च सुमारे २,२०० रुपये असल्याचे केंद्र सरकारने २०२३ मध्ये सांगितले होते. म्हणजे युरियावर एकरी २,९०० रुपयांच्या आसपास सबसिडी झाली. त्या वर्षीच्या खरिपाच्या दरांनी डीएपी आणि पोटॅशवरची सबसिडी मिळवली तर एकूण आकडा साडेचार हजारांच्या घरात जातो. आता एकरी ८० क्विंटल कांदा धरा. क्विंटलला ५६ रुपये भाव उतरला की ही सगळी सबसिडी फिटली! लिलावात दोन ट्रॉल्यांच्या भावातही याहून जास्त फरक असतो. बंदीमुळे क्विंटलमागे ५०० रुपये पडले तर एकरी नुकसान ४० हजारांचे होते.

बंदीची वेळ कोणती असते, हेही पाहायला हवे. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आले, म्हणजे त्याहून कमी भावाने निर्यात करता येईना, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सरसकट बंदी आली. ती ४ मे २०२४ ला उठली, तरी शुल्क पूर्णपणे जायला १ एप्रिल २०२५ उजाडले. डिसेंबरात बाजारात लाल कांदा येतो. त्याची मान जाड असते आणि त्यात पाणी जास्त असते, त्यामुळे तो चाळीत, म्हणजे साठवणुकीच्या शेडमध्ये, टिकत नाही. उन्हाळ कांदा चार-पाच महिने ठेवून भावाची वाट पाहता येते, लाल कांदा मात्र काढला की विकावाच लागतो. ज्या शेतकऱ्याला थांबताच येत नाही, नेमका त्याच्यावर हा घाव बसतो. बंदी नसतानाही हा कांदा किती कोसळू शकतो ते फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूर बाजारात दिसले. ५१२ किलो कांद्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, हमाली, तोलाई, भाडे वजा जाऊन शेतकऱ्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश पडला.

त्यानंतर अनुदान आले: क्विंटलला ३५० रुपये, शेतकऱ्यामागे जास्तीत जास्त २०० क्विंटल. रक्कम बरी होती, पण अट सातबाऱ्यावर कांद्याची नोंद असण्याची. ई-पीक पाहणी (पिकाची मोबाइलवरून करायची नोंद) राहून गेली, सातबारा वडिलांच्या नावावर आणि हिशेबपट्टी मुलाच्या नावावर, किंवा बँक खाते आधारला जोडलेले नाही, की प्रकरण अडकले. भाव मिळाला तर तो पट्टीबरोबर हातात पडतो, कागद लागत नाही. अनुदान मात्र कागद असणाऱ्यालाच मिळते आणि वाट्याने कसणारा बहुधा कोराच राहतो. जोशींचा सबसिडीवरचा हा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भावाने शेतकरी आपल्या पायावर उभा राहतो, अनुदानासाठी त्याला कुणाच्या तरी दारात उभे राहावे लागते.

खताची सबसिडी तर शेतकऱ्याच्या खात्यात येतही नाही. दुकानातल्या पॉस (विक्री नोंदवणाऱ्या) यंत्रावर आधार लावून विक्री झाली की ती कंपनीकडे जाते. एप्रिल २०१० पासून स्फुरद-पालाशाची सबसिडी अन्नद्रव्यानुसार ठरू लागली आणि युरियाचा भाव तेवढा बांधलेला राहिला. स्वस्त म्हणून युरिया जास्त पडतो, पीक लुसलुशीत वाढते, कीड-रोग वाढतात आणि कांदा लवकर सडतो. टंचाईत दुकानदार युरियासोबत दुसरे एखादे खत गळ्यात मारतो, त्यातही सबसिडीचा काही भाग निघून जातो.

जोशींच्या मांडणीला एक मर्यादा आहे आणि ती मान्य केली पाहिजे. ज्या कोरडवाहू शेतकऱ्याकडे विकायला फारसा मालच नसतो, त्याला चढ्या भावाचा थेट लाभ थोडा होतो. त्याच्यासाठी एकरी रोख मदत ठेवावी लागेल. खताची सबसिडीही एका फटक्यात काढता येणार नाही. बंधने उठून दोन-तीन हंगाम भाव स्थिर राहिल्यावरच तिला हात लावावा.

आपल्या दैनिकाकडे एक मागणी आहे. अनुदानाच्या घोषणेची बातमी छापताना ते क्विंटलला किती रुपये पडते, हे चौकटीत द्यावे. सोयाबीन-कापसाला २०२३ च्या खरिपासाठी हेक्टरी ५,००० रुपये मिळाले. हेक्टरी २० क्विंटल सोयाबीन धरले तर ते क्विंटलला २५० रुपये होतात. त्याच चौकटीत शेजारी त्या पिकाचा हमीभाव आणि त्या आठवड्याचा लातूर किंवा लासलगावचा सरासरी भाव असावा. निर्यातबंदीची किंवा आयातशुल्क कपातीची अधिसूचना निघाली, की आधीच्या आणि नंतरच्या पंधरा दिवसांचे भावही याच चौकटीत यावेत. बाजार समित्या हे आकडे रोज जाहीर करतात.

आपला,
एक वाचक, निफाड (जि. नाशिक)